बायोफीडबॅक शिकायचंय, पण मशिनची घाई नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मानसशास्त्रात एम.ए. झालंय, काही वर्षं समुपदेशन करताय, आणि आता मन-शरीर उपचारांकडे, त्यातही बायोफीडबॅककडे पूर्णवेळ वळायचा विचार आहे. (बायोफीडबॅक म्हणजे स्नायूंचा ताण, बोटांचं तापमान, हृदयगती अशा गोष्टी सेन्सरने मोजून त्या माणसाला तिथल्या तिथे पडद्यावर दाखवायच्या, म्हणजे त्या बदलायला तो शिकतो.) मशिन कोणतं घ्यावं, सर्टिफिकेट कोणतं करावं आणि एवढ्यावर पोट भरेल का, हे तुमचे तीन प्रश्न. शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय की नुसतं बोलून बोलून कंटाळा आलाय, काहीतरी ठोस, मोजता येईल असं करायचंय.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात दडलाय. या क्षेत्रात येणाऱ्या तरुण मानसशास्त्रज्ञांच्या मला दोन तऱ्हा दिसतात. काहींना शरीराचं मनापासून कुतूहल असतं. भीती वाटली की हात गार का पडतात, आणि तेच हात शिकून-सवरून गरम करता येतात ते कसे, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काही जण मात्र समोरच्या माणसाच्या गुंत्याला कंटाळून मशिनकडे येतात. आता आकडे बोलतील, आपण बाजूला बसायचं, अशी त्यांची कल्पना असते. पहिल्यांचं बहुधा बरं चालतं. दुसऱ्यांचं मशिन वर्ष-दीड वर्षात कपाटावर जातं, कारण या कामात बोलणं कमी होतच नाही. उलट स्वतःच्या अंगातली रेघ समोर हलताना दिसली की माणूस अशा गोष्टी बोलायला लागतो, ज्या एरवी निघायला महिने लागले असते. त्या क्षणी ऐकायला तुम्ही तयार नसाल तर सगळी वायरिंग फुकट.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्ही कोणत्या देशाच्या, कोणत्या कायद्याखाली काम करता यावर बरंच ठरतं. अनेक ठिकाणी 'सायकॉलॉजिस्ट' ही उपाधीच कायद्याने राखलेली असते आणि आजारावर उपचार करतोय असं म्हणायला परवाना लागतो. बायोफीडबॅकचं सर्टिफिकेट हा परवाना देत नाही. तुम्ही रुग्णालयात आहात, पुनर्वसन केंद्रात आहात, खेळाडूंबरोबर आहात की स्वतःच्या खोलीत एकट्या, यानेही काम बदलतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचं रेकॉर्डिंग बघून 'हा स्नायू नाही, ही वायर हलली आहे' असं सांगणारं कोणी अनुभवी माणूस तुमच्या आवाक्यात आहे का. असेल तर निम्मी वाट सोपी झाली असं समजा.

आता काम प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणावरून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाळिशीतले एक गृहस्थ, रोज दुपारनंतर डोकं दुखायचं, मानेपासून वर चढत कपाळाला पट्टा बांधल्यासारखं. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून ताणजन्य डोकेदुखीचं निदान केलेलं, इतर काही नाही याची खात्री झालेली. पहिल्या भेटीत मी कपाळावर आणि दोन्ही खांद्यांवर ईएमजीचे, म्हणजे स्नायूंमधली वीज टिपणारे, इलेक्ट्रोड लावले, बोटांना त्वचेच्या विद्युतवाहकतेचे (ती घामाने वाढते) आणि तापमानाचे सेन्सर. पाच मिनिटं नुसतं बसायचं. मग हजारातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं. मग पुन्हा नुसतं बसायचं. याला आम्ही स्ट्रेस प्रोफाइल म्हणतो.

वजाबाकी सुरू झाल्यावर सगळंच वर गेलं, ते सगळ्यांचंच जातं. मी बघत होते ती वजाबाकी संपल्यानंतरची मिनिटं. घामाची रेघ हळूहळू उतरली, कपाळ शांत झालं, बोटं परत गरम व्हायला लागली. उजवा खांदा मात्र होता तिथेच. मी विचारलं, "आता कसं वाटतंय?" म्हणाले, "एकदम मोकळं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो खांदा कळतच नव्हता.

पुढे बॅगेत त्यांचा फोन थरथरला. त्यांनी हात हलवला नाही, मान वळवली नाही, पण पडद्यावरची उजव्या खांद्याची रेघ एकदम उसळली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. कोणाचा फोन असेल असं वाटलं, एवढंच मी विचारलं. पुढचा अर्धा तास कुणाचे फोन येतात, न उचलल्यास काय होतं, घरातले कोणते व्यवहार त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडलेत, याच्यावर गेला. आता सांगा, हे बायोफीडबॅक झालं की समुपदेशन? मला तरी ते वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही वाटत नाही.

त्यानंतरचं प्रशिक्षण तसं साधं, पण चिवट असतं. खांदा थोडा उचला, किती मायक्रोव्होल्ट (स्नायूतल्या विजेचं माप) झाले ते अंदाजाने सांगा, मग पडदा बघा. आता त्याच्या निम्मं करा. आता त्याच्याही निम्मं. अंदाज जमायला लागला की मी पडदा माझ्याकडे वळवते. मग उभं राहून, मग टाइप करताना, मग फोनवर बोलताना. शेवटी इलेक्ट्रोड काढूनच. वजनकाट्यावर उभं राहून वजन उतरत नाही, तसंच मशिनला जोडून घेतल्याने ताण उतरत नाही. मशिन फक्त सांगतं. मशिनशिवाय दुपारी तीन वाजता कामाच्या जागी खांदा खाली आणता आला, तर शिकवणं झालं. नाही आला, तर पडद्यावर कितीही सुंदर आलेख काढलेले असोत, अजून काही झालेलं नाही.

हे शेवटचं वाक्य या क्षेत्राने किंमत मोजून शिकलेलं आहे. म्हणून थोडा इतिहास सांगते, कारण करिअरचा निर्णय घेताना तो उपयोगी पडतो. १९६० च्या दशकात नील मिलर आणि लिओ डिकारा यांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना क्युरारे देऊन स्नायू लुळे केलेले, श्वास यंत्रावर, आणि तरी बक्षीस देऊन त्यांच्या हृदयाची गती बदलायला शिकवता येते, असे ते निष्कर्ष होते. हृदय, रक्तवाहिन्या, घाम यांचं काम आपोआप चालवणारी स्वायत्त मज्जासंस्था इच्छेबाहेरची असते ही समजूत हादरली. त्याच सुमारास जो कामिया लोकांना स्वतःच्या मेंदूतल्या अल्फा लहरी ओळखायला शिकवत होते. १९६९ साली कॅलिफोर्नियात या मंडळींची संघटनाही उभी राहिली. कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर आणि अ‍ॅलिस ग्रीन यांनी १९७० मध्ये भारतातले योगी स्वामी राम यांच्यावर मोजमापं घेतली. एकाच तळहातावरच्या दोन जागांच्या तापमानात स्वामींनी ठरवून फरक पाडून दाखवला. तिथेच एका प्रयोगात बसलेल्या बाईंची अर्धशिशी थांबली, आणि नोंदी बघितल्या तर त्याच वेळी त्यांच्या हाताचं तापमान दोन मिनिटांत १० अंश फॅरनहाइटने चढलेलं. हात गरम करून अर्धशिशीवर उपचार ही कल्पना त्यातून पुढे आली.

मग काय, एकच लाट आली. अल्फा लहरींनी समाधी मिळते इथपर्यंत जाहिराती गेल्या. आणि दुसरीकडे मिलर यांच्याच प्रयोगशाळेत ते उंदरांचे निष्कर्ष पुन्हा मिळेनात. मिलर यांनी ते लपवलं नाही, वर्षानुवर्षं तपासून जाहीरपणे लिहिलं. शास्त्रज्ञ म्हणून मला त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. लाट ओसरली. त्यात वाहून गेले ते मशिन विकणारे आणि मशिनच्या नावाने दुकान मांडणारे. टिकले ते डोकेदुखी, लघवीवरचा ताबा, दीर्घकालीन वेदना, पक्षाघातानंतरचं पुनर्वसन अशा एकेका तक्रारीला धरून बसलेले लोक. तुम्ही ज्या टप्प्यावर उभ्या आहात तिथून हे नीट बघा. मशिनच्या भोवती करिअर उभं राहत नाही, तक्रारीच्या भोवती राहतं.

मग पुरावा कुठे पक्का आणि कुठे कच्चा, हे माहीत असायलाच हवं, कारण डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि त्यांनी ते विचारलंच पाहिजे. या क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनांनी परिणामकारकतेच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. २००४ मध्ये त्या लावून पाहिल्या तेव्हा सगळ्यात वरची पायरी एकाच तक्रारीला मिळाली: स्त्रियांमधली लघवी न आवरण्याची तक्रार. आश्चर्य नाही, आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा दाब दाखवणारं साधं उपकरण १९४८ मध्येच वापरलं होतं, 'बायोफीडबॅक' हे नाव रुळण्याच्या कितीतरी आधी. अर्थात ते काम त्या विषयातल्या फिजिओथेरपिस्टचं, आपण त्यात हात घालायचा नाही. खालोखाल चिंता, मोठ्यांची डोकेदुखी, उच्च रक्तदाब, जबड्याच्या सांध्याचं दुखणं यांचा क्रमांक होता.

त्याच यादीत वर असलेल्या एका गोष्टीबद्दल मात्र माझा हात आखडतो, ती म्हणजे मुलांच्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी दाखवून केलेला बायोफीडबॅक. अलीकडे ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर नीट आखलेली चाचणी झाली, ज्यात निम्म्याअधिक नव्हे पण बऱ्याच मुलांना त्यांच्या नकळत बनावट फीडबॅक दिला होता. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि खऱ्या फीडबॅकचा गट वरचढ ठरला नाही. याचा अर्थ न्यूरोफीडबॅक निरर्थक आहे असा मी काढत नाही. पण पालकांना भरमसाट सत्रांचं पॅकेज विकण्याआधी ही गोष्ट त्यांना सांगायला तुमची जीभ रेटली पाहिजे. सुरुवात न्यूरोफीडबॅकने करू नका हा माझा सल्ला त्यामुळेही आहे. त्यात मशिन महाग, सिग्नल नाजूक, आणि चूक झाली तरी पडदा छानच दिसतो.

रेनॉडच्या तक्रारीची गोष्टही सांगायलाच हवी. यात थंडीने किंवा ताणाने बोटं पांढरीफटक पडतात. २००० साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत निफेडिपिन या औषधाची तुलना तापमान-बायोफीडबॅकशी केली होती, आणि बायोफीडबॅक साफ मागे पडला. पुढे त्याच चाचणीतल्या प्रशिक्षणाची छाननी झाली तेव्हा दिसलं की या गटातल्या जेमतेम एक तृतीयांश रुग्णांना हात गरम करणं मुळात शिकता आलं होतं. बाकीच्यांना सत्रं मिळाली, कौशल्य मिळालं नाही. मी हे विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पेशंटच्या फाइलमध्ये 'बायोफीडबॅक: दहा सत्रं' असं लिहिलेलं असतं, त्यातून काहीच कळत नाही. शिकला का, कितपत, कशाशिवाय करता येतं, हे लिहा.

इथवरचं थोडक्यात: समोरच्या माणसाला टाळण्यासाठी इकडे येऊ नका, एक तक्रार निवडा, तिच्याबद्दलचा पुरावा प्रामाणिकपणे जाणून घ्या, आणि सत्रांपेक्षा शिकणं मोजा.

आता काय शिकायचं. तुमच्या एम.ए.मध्ये शरीरक्रियाशास्त्राचा एखादा पेपर असेल, तो पुरणार नाही. स्वायत्त मज्जासंस्था, श्वसन, हृदय आणि रक्तदाबाचं नियंत्रण, स्नायू आणि वेदना, एवढं तरी वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पुस्तकातून बसून शिका. एक उदाहरण घ्या. हळू श्वासाचं प्रशिक्षण सध्या सगळीकडे आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की हृदयगतीतले चढउतार खूप मोठे होतात, हे एव्हगेनी वाशिलो आणि पॉल लेहरर यांच्या कामामुळे आपल्याला माहीत आहे. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाचा (शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेचा) स्वतःचा एक ताल असतो. श्वास त्या तालावर पडला की दोन्ही एकमेकांना जोर देतात. हा वेग प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, प्रौढांमध्ये साधारण साडेचार ते साडेसहा. ज्याला ही कारणसाखळी कळली तो प्रत्येकाचा वेग शोधून काढतो. ज्याला कळली नाही तो सगळ्यांना एकच अ‍ॅप लावून देतो, आणि पेशंट म्हणतो, 'मॅडम, मला चक्कर येते.'

ती चक्कर का येते? कारण श्वास हळू करायला सांगितला की माणसं तो भरपूर मोठा करतात. एकूण हवा जास्त जाते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. पॅनिकच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या, पेशंटला याच खुणा सगळ्यात भीतीच्या. म्हणजे शांत करायला बसवलं आणि झटका आणून दिला. सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोमीटर जवळ असेल तर हे लगेच दिसतं (३५ ते ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान अपेक्षित), नसेल तर 'हळू आणि छोटा' हे दोन शब्द तरी एकत्रच उच्चारायची सवय लावून घ्या.

सिग्नलच्या खोड्या ओळखणं हा दुसरा मोठा अभ्यास, आणि तो पुस्तकातून येत नाही. तापमानाचा सेन्सर बोटाला चिकटपट्टीने घट्ट गुंडाळला तर रक्तप्रवाहच अडतो आणि 'तणाव वाढला' असं दिसतं. खोली गार असेल, पेशंट उन्हातून आला असेल, नुकतीच सिगरेट ओढली असेल, तर बोटांचं तापमान मनाबद्दल काही सांगत नाही. डाव्या खांद्याच्या ईएमजीत हृदयाचे ठोके डोकावतात. कपाळावरच्या इलेक्ट्रोडला जबडा आवळणं, गिळणं, डोळे फिरवणं सगळं ऐकू येतं. ईएमजीचा आकडा फिल्टरच्या पट्ट्यावर, म्हणजे मशिन कोणत्या लहरी मोजतं आणि कोणत्या गाळून टाकतं यावर, अवलंबून असतो. एका मशिनवरचे तीन मायक्रोव्होल्ट आणि दुसऱ्यावरचे तीन यांची तुलना करू नका. हृदयगतीत एखादा जादा ठोका पडला आणि तो काढून टाकला नाही, तर चढउताराचं सगळं गणित फसतं. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर ते गणित मुळात लागूच नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) घेणाऱ्याची हृदयगती आणि घाम कमी करणारी औषधं घेणाऱ्याची त्वचेची वाहकता, दोन्ही औषधाच्या भाषेत बोलतात. पहिल्या भेटीत औषधांची यादी घेतली नसेल तर आलेखावर बोलूच नये.

आणि हे सगळं स्वतःवर करा. स्वतःची बोटं ३५ अंश सेल्सिअसपर्यंत आणायला शिका. पहिले काही दिवस जोर लावाल आणि तापमान उतरत जाईल. प्रयत्न केला की बिघडतं, हे पेशंटला सांगायला सगळेच सांगतात. स्वतः चिडून सेन्सर काढून ठेवलेला असेल तर सांगण्याचा सूर वेगळा लागतो. सोबत मशिनशिवायची एक पद्धत खोलात शिका. एडमंड जेकबसन यांचं स्नायू शिथिलीकरण असो, योहानेस शुल्त्झ यांचं ऑटोजेनिक प्रशिक्षण ('हात जड, हात गरम' अशा स्वतःला दिलेल्या सूचनांचं) असो, किंवा ध्यानाची एखादी पद्धत. कोणतीही चालेल, पण एक तरी अशी हवी की ती तुमच्या हाडामासात भिनली आहे.

मन-शरीर उपचार म्हणजे सगळ्यांना शिथिल करणं असा समज फार पसरलाय, तो डोक्यातून काढा. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचा रक्तदाब घसरतो. त्यांना शिथिल केलंत तर ते अजून लवकर कोसळतील. त्यांना स्नायू आवळायला शिकवायचं असतं. लार्स-गोरान ऑस्ट यांनी ही पद्धत १९८० च्या दशकात बसवली. काही चिंताग्रस्त लोकांची चिंता शिथिल होताना वाढते, कारण ताबा सुटल्यासारखं वाटतं. आघातातून गेलेल्या माणसाला 'डोळे मिटा आणि शरीराकडे लक्ष द्या' ही सूचनाच धोक्याची वाटू शकते. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर, लक्ष बाहेर, तिथून सुरुवात. इन्सुलिन, थायरॉइड किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांमध्ये प्रशिक्षण लागू पडलं तर डोस बदलायची गरज पडू शकते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवायचं. डोस आपण कधीही हलवायचा नाही.

स्पर्शाचाही विचार करा. समुपदेशकाला पेशंटला हात लावायची सवय नसते, इथे मानेला आणि खांद्याला इलेक्ट्रोड लावायचे असतात. मी आधी स्वतःच्या अंगावर जागा दाखवते, परवानगी मागते, आणि शक्य तिथे पेशंटलाच चिकटवू देते. यात दोन मिनिटं जास्त जातात, पण त्या दोन मिनिटांत विश्वासाचं बरंच काम होऊन जातं.

वैद्यकीय तपासणीबद्दल तर तडजोडच नाही. अचानक वीज पडल्यासारखी आलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, सोबत अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं किंवा दिसण्यात फरक, छातीत दुखणं: हा माणूस तुमच्या खुर्चीत बसायला नको, तो डॉक्टरांकडे असायला हवा. धडधड आणि घाम याच्यामागे वाढलेला थायरॉइडही असू शकतो. 'हे ताणामुळेच आहे' हे वाक्य तपासणीनंतर उच्चारायचं, आधी नाही.

आता सर्टिफिकेट. जगभर ओळखलं जाणारं प्रमाणपत्र बीसीआयए (बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्स) या संस्थेचं आहे. १९८१ मध्ये ती अमेरिकेपुरती सुरू झाली आणि २०१० मध्ये नावात 'इंटरनॅशनल' आलं. बायोफीडबॅक आणि न्यूरोफीडबॅक यांची प्रमाणपत्रं वेगवेगळी आहेत. ठरलेला अभ्यासक्रम, शरीरशास्त्राचं ज्ञान, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेला सराव आणि लेखी परीक्षा, असा त्याचा साचा. करावं का? करावं, मुख्यतः त्या देखरेखीसाठी. कुणीतरी जाणकार तुमची सत्रं उलटीपालटी करून बघतो, यात जे शिकायला मिळतं ते परीक्षेत नाही. मशिन बनवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला जरूर जा, बटणं तिथेच उत्तम कळतात. पण कोणत्या तक्रारीवर काय चालतं हे त्यांच्याकडून शिकू नका. विकणाऱ्याकडे नेहमीच सगळ्यावर इलाज असतो.

पोट भरेल का? नुसत्या बायोफीडबॅकवर, पहिल्या काही वर्षांत तरी, बहुधा नाही. समुपदेशन सोडू नका, त्याच्या आत हे आणा. डॉक्टर पेशंट पाठवतात ते 'बायोफीडबॅकसाठी' पाठवत नाहीत; अर्धशिशी कमी व्हावी, गोळ्या कमी लागाव्यात, रुग्णाने दर आठवड्याला दाराशी येऊ नये, म्हणून पाठवतात. तेव्हा एका तक्रारीत नाव करा. पाठवलेल्या प्रत्येक पेशंटमागे एक पानाचं पत्र परत गेलं पाहिजे: आधी महिन्यात किती दिवस डोकं दुखायचं, आता किती, किती गोळ्या लागायच्या, आता किती, पुढे काय. मायक्रोव्होल्टचे आलेख त्यात जोडू नका, कोणी बघत नाही. आणि ज्याला फरक पडला नाही त्याचंही पत्र पाठवा. माझ्या अनुभवात डॉक्टरांचा विश्वास त्या पत्रांनी जास्त बसतो.

घड्याळं आणि अ‍ॅप आल्यावर आपली गरज उरेल का, अशी शंका तुम्हाला येईलच. मला ती भीती वाटत नाही. हृदयगती घरच्या घरी दिसायला लागल्यामुळे सराव सोपा झालाय, आणि माझ्याकडे येणारे काही जण दोन वर्षांचे आकडे घेऊन येतात. आकड्यांमुळेच झोप उडालेलेही त्यात असतात. त्यांना पहिलं काम दिलं जातं ते घड्याळ महिनाभर काढून ठेवण्याचं.

राहिलं मशिन. आज घेऊ नका. बोटाला लावायचा साधा तापमापक आणि एक वही, एवढ्यावर पहिले काही महिने निघतात, आणि त्यात तुम्हाला हे काम खरंच आवडतंय का तेही कळेल. नंतर घ्याल तेव्हा दोन ईएमजी, तापमान, त्वचेची वाहकता, श्वास आणि नाडी एवढे चॅनल पुरेत. विक्रेत्याला विचारा: कच्चा सिग्नल पडद्यावर दिसतो का, की फक्त उमलणारं फूल आणि उडणारा फुगा दिसतो? फिल्टरची पट्टी बदलता येते का? खराब ठोके हाताने काढता येतात का? नोंदी बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडता येतात का, की कंपनीकडेच अडकून पडतात? सॉफ्टवेअरचे पैसे एकदाच की दर वर्षी? कच्चा सिग्नल दाखवत नसेल तर बाकीचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका, उठून या.